कौसाबाई डिफॉल्टर नाहीत

“हिला डिफॉल्टर टाक आणि पुढचं नाव घे,” कॉलेजचे सर म्हणाले.

माझा पेन थांबला. मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. माझा प्रोजेक्ट होता, ऊसतोड कामगारांना मानसिक उपचार नीट कसे मिळतील. त्यासाठी शिरूर कासारकडच्या एका ओपीडीचं रजिस्टर समोर होतं. डिफॉल्टर म्हणजे उपचार अर्धवट सोडणारा पेशंट.

ते नाव कौसाबाईंचं. (नाव बदललं आहे.) डिप्रेशनच्या गोळ्या पुन्हा सुरू करायला त्या आल्या होत्या, बाहेर बाकावर बसल्या होत्या. चार दिवसांनी त्यांची टोळी सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला निघणार होती.

मी बाहेर गेले. “मावशी, गेल्या साली गोळ्या कामून सोडल्या?”

“म्या सोडल्या? एका महिन्याच्या देतेत, अन् दर महिन्याला दाखवा म्हणतेत. फडातून कोण सोडील मला?” त्या हसल्या. “तुमच्या डाक्टरलाच पाठीव की तिकडं. कोयता देते हातात.”

टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको माघारी आली की नवऱ्याचंही काम थांबतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे आई-बाबाही एक कोयताच आहेत. तरी प्रोजेक्टचा फॉर्म बनवताना मी दोनच रकाने ठेवले होते: उपचार सुरू, उपचार सोडले.

मी आत आले आणि पेन टेबलावर ठेवला.

“सर, मी हे लिहिणार नाही.”

“अगं, व्याख्याच आहे ती. मार्क जातील.”

“जाऊ द्या. दिवाळीनंतर आमच्या घरालाही कुलूप असतं. माझ्या आईलाही डिफॉल्टर म्हणणार का?”

सरांनी ओपीडीच्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नाही देता येत. मधे तपासावं लागतं.”

“मग कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तपासतील. तुम्ही चिठ्ठी द्या. टोळी कुठल्या गावाला जाणार, ते मी विचारून आणते.”

“आज?”

“आत्ता.”

गाव ठाऊक होतं टोळी नेणाऱ्या मुकादमाला. तो गुरगुरला, “तुला कशाला पायजे गं आमचं गाव?”

“कॉलेजचं काम हाय.” कुणासाठी ते सांगितलं नाही. डोक्याच्या गोळ्या म्हटलं की जोडी टोळीतून जाते. त्यानं गाव सांगितलं, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

ऊस निम्मा तुटला असेल, तेव्हा कौसाबाईंचा फोन आला. “दाखवून आले गं. गोळ्या दिल्या. झोप लागती आता.”

माझे मार्क कापले. चिठ्ठी अजून सगळ्यांना मिळत नाही, मागावी लागते. म्हणून मी मागायला जाते. फॉर्ममध्ये आता तिसरा रकाना आहे: पेशंट सध्या कुठल्या गावाला आहे? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता.