लाल पट्टीचं काम

माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की बॅटरीवाले चाचा आधी नारंगी वायरीला सलाम करायचे. खरोखरचा सलाम, हात कपाळापर्यंत नेऊन. विजेवर चालणाऱ्या गाडीत मोठ्या दाबाची वीज ज्या जाड नारंगी वायरींतून जाते, त्यांना चाचांनी कधी बोट लावलं नाही. "ही मोठ्या घरची हाय. हिला लांबूनच सलाम. आपली वळख बारक्या वायरीशी," असं म्हणायचे आणि मग हॉर्न, दिवे, पंखा, पंप या आपल्या बारा व्होल्टच्या मुलखात शिरायचे. उभा जन्म ट्रॅक्टर-ट्रकचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. पण आपल्याला काय येत नाही हे इतक्या मोकळेपणी सांगणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती नाइलाजानं. मी केजला राहतो, ठिबक सिंचनाचे संच विकतो. आठवड्यातून एकदा धारूरचा घाट उतरून माजलगावला जायचं, धरणाखालच्या उसाच्या गावांत फिरायचं आणि परतायचं, हा माझा नेम. विजेची गाडी घेतली ती हौसेनं, तालुक्यात आमचीच पहिली म्हणून. पण ती एका दमात जाऊन येऊ शकत नसे. परत घाट चढण्याआधी तिला चार-पाच तास विजेला लावावं लागे आणि तेव्हा माजलगावात त्याची सोय कुठंच नव्हती. मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या गॅरेजच्या ओळीत चाचांच्या दुकानात एक जाड सॉकेट होतं. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "लावा की. वीज काय माझ्या बापाची हाय? आन बसा. गाडी जेवती तवर मानसानं उभं ऱ्हाऊ नये."

त्या बसण्यातूनच आमची मैत्री झाली. चाचींना जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुली लग्न होऊन परभणी आणि जालन्याला. माझी बायको मुलीच्या शिक्षणासाठी आधी लातूरला आणि मग पुण्याला राहिलेली. घरात मी एकटा. दोन माणसं एका पत्र्याच्या शेडखाली दुपारचे चार तास बसत होती, एवढंच. कधी कधी तासभर कुणी काही बोलत नसे. पण केजच्या घरातली शांतता आणि ती शांतता एक नव्हती. ते मला नावानं हाक मारत नसत. "या ठिबकवाले" म्हणत. डबा उघडून अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढं सरकवत आणि मी नको म्हटलं की ओरडत, "हाटेलात खायला आलाव का माजलगावला?"

रोजे असले की ते पाण्याचा थेंबही घेत नसत, पण मी पोचलो की शेजारच्या टपरीवर हाक गेलेलीच असे. मला संकोच वाटे. मी त्यांच्याकडं पाठ करून चहा प्यायचो. एकदा त्यांनी खांदा धरून मला सरळ फिरवलं. "पाठ कावून करता? चहा चोरीचा हाय का? रोजा माझा हाय, तुमचा न्हाई. तुमी समोर बसून प्या, मला बी बघून बरं वाटतंय."

आता त्यांच्या पट्टीबद्दल सांगायला हवं. चाचांच्या खिशात चिकटपट्टीची दोन रिळं असत, एक काळं, एक लाल. काम पक्कं झालं की जोडावर काळी पट्टी. तात्पुरतं असलं, पार्ट मिळाला नाही म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला असला, तर लाल. पट्टी दातानं तोडायचे आणि अंगठ्यानं दाबून बसवायचे. "लाल म्हंजी काम बाकी हाय. उद्या मी नसलो आन दुसऱ्यानं बॉनेट उघडलं, तर त्याला कळाया पायजे, हितं भरवसा ठिवू नको." माजलगावपासून गेवराई-बीडपर्यंतच्या मिस्त्रींना ही खूण ठाऊक होती. काळी पट्टी दिसली की ते तो जोड उघडूनही बघत नसत. चाचांच्या उभ्या आयुष्याची कमाई कुठली, असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन.

माझ्या गाडीच्या बॅटरीला थंड ठेवणारा एक पाण्याचा पंप होता. एका मे महिन्यात त्याचा रिले जळाला. रिले म्हणजे पंपाला वीज देणारी बोटभर डबी. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी महिनाभराची मुदत सांगितली. चाचांनी कुठल्याशा जुन्या जीपचा रिले काढून बसवला, वर लाल पट्टी गुंडाळली आणि मला बजावलं, "महिनाभर चालंल. पार्ट आला की पयलं हे काढायचं. उन्हात हे तापनार."

पार्ट पाच आठवड्यांनी आला. सर्व्हिसवाल्यांचा दोनदा फोन आला. मी गेलो नाही. गाडी नीट चालत होती, सर्व्हिससाठी छत्रपती संभाजीनगरला एक दिवस घालवायचा कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर चालतंय त्याला हात लावायची मला सवयच नाही. दर आठवड्याला चाचा विचारायचे, "आला का पार्ट?" मी म्हणायचो, "येतोय." एकदा म्हणालो, मग पुन्हा म्हणालो, मग तेच उत्तर झालं. पुढच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "जहाजानं येतोय का चालत?" आणि आम्ही दोघंही हसलो. माझं ते हसणं मला अजून आठवतं.

मग गाडी बदलायचा विषय निघाला. जुनीची बॅटरी थकत चालली होती. नवी गाडी एका दमात पुण्याला पोचते, असं बीडच्या शोरूममधल्यांनी सांगितलं. बायको फोनवर म्हणाली, "तुम्ही बसनं येता आणि दुसऱ्या दिवशी निघता. गाडी असली तर दोन दिवस राहाल तरी." मुलगीही म्हणाली, "बाबा, घ्याच." मी महिनाभर घोळत बसलो. एकीकडं पुणं होतं. दुसरीकडं काय होतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. नवी गाडी माजलगावला जाऊन न थांबता परत येणार होती. मग चार तास त्या शेडखाली कशाच्या निमित्तानं बसायचं? आपल्याकडं पुरुषमाणूस निमित्त असल्याशिवाय कुणाकडं जाऊन बसत नाही.

शेवटी चाचांनाच विचारलं. त्यांनी उरलेली भाकरी संपवली. डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला.

"घ्या," ते म्हणाले. "लेकीकडं जायाला मिळतंय तर गाडी कावून अडवता? माझी लेक परभनीला हाय, तास-दोन तासाची वाट, आन मी वर्साला एकदा जातो. तसं करू नका."

"जुनी देऊन टाकू म्हणता?"

"द्या. पन द्यायच्या आधी हितं आना. लाल पट्टी काढल्याबिगर गाडी दुसऱ्याच्या दारात जाऊ देऊ नका. पार्ट न्हाई आला तर न्हाई, मी नवा रिले हुडकतो. हाय काय त्यात?"

मी हो म्हणालो.

शोरूमवाल्यांनी जुनी गाडी तपासायला शनिवारी आणा म्हटलं. शुक्रवारी मला माजलगावला जाता आलं असतं. काम होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. काम नव्हतं. बॉनेट उघडून चाचा पार्टचं विचारणार, आणि तो वर्षभर सर्व्हिस सेंटरच्या फडताळात पडून आहे हे मला सांगावं लागणार, याची मला लाज वाटत होती. मी केजच्या बाजारातून काळ्या पट्टीचं रीळ आणलं. अंगणात गाडी उभी करून लाल पट्टी सोलून काढली आणि काळी गुंडाळली. नीट जमत नव्हती, सुरकुत्या पडत होत्या. शेवटी घरातली कात्री आणून कापली.

शोरूमच्या तपासनिसानं टॉर्च मारला. "हा जोड कुणाचा?"

"माजलगावच्या बॅटरीवाल्या चाचांचा," मी म्हणालो.

"मग बघायला नको," तो म्हणाला आणि कागदावर खूण केली.

नवी गाडी घेऊन मी पेढे द्यायला गेलो. चाचांनी बॉनेट उघडून नव्या नारंगी वायरींना सलाम केला, पेढा अर्धा तोडून मला भरवला आणि विचारलं, "जुनीची लाल पट्टी काढली ना?"

"काढली," मी म्हणालो.

त्यानंतर माझं तिथं बसणं संपलं. माजलगावला जायचो, ओळीच्या बाहेरून जायचो. पुण्यालाही गेलो. तिथं बायकोची भिशी, मुलीचा अभ्यास, त्यांच्या वेळा ठरलेल्या. त्यांचा दोष नाही. माझ्याशिवाय त्यांनी घर नीट बसवलं होतं. मी दोन दिवस गॅलरीत बसून, खाली उभ्या असलेल्या गाडीकडं बघून परत येई.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला कळलं. जुनी गाडी शोरूमकडून नांदूरघाटच्या एका शिक्षकांनी घेतली होती. भर दुपारी त्यांची आई गाडीत असताना पंप बंद पडला, बॅटरी तापली आणि गाडी उघड्या माळावर उभी राहिली. म्हातारीला भोवळ आली. कुणाच्या तरी शेततळ्यावर नेऊन तिला शुद्धीवर आणलं. शिक्षकांनी शोरूम गाठलं, तिथं चाचांचं नाव मिळालं. हे सगळं मला सांगितलं ते चाचांच्या शेजारच्या पंक्चरवाल्या बाबूनं, माजलगावच्या रस्त्यात थांबवून. बाबू मला नेहमी साहेब म्हणायचा.

"साहेब, त्या मास्तरनं जळका रिले चाचाच्या पुढ्यात फेकला. सगळ्या ओळीसमोर. म्हनला, 'ही तुमची काळी पट्टी?' चाचानं पट्टी हातात घेतली. लई वेळ बघत व्हते. मग म्हनले, 'माझंच काम हाय. चूक झाली. गाडी आना, मी करून देतो.' आता लोक म्हनत्यात, चाचाचं डोळं गेलं."

बाबू सांगत होता आणि मी मान हलवत होतो. त्या दिवशी मी चाचांच्या दुकानापर्यंत गेलो नाही. दोन महिने गेलो नाही.

गेलो तेव्हा दुकानासमोर एकही गाडी नव्हती. चाचा स्टुलावर बसून जुन्या तारांची वेटोळी सोडवत होते. मी उभ्यानंच म्हणालो, "चाचा, ती काळी पट्टी मी लावली होती."

"माहीत हाय," ते म्हणाले. "कात्रीनं कापल्याली. मी दातानं तोडतो."

"मग तुम्ही बोलला का नाही? माझं नाव का नाही घेतलं?"

"काय सांगू त्या मास्तरला? त्याची माय उन्हात पडली, आन मी म्हनू, माझं न्हाई, माझ्या दोस्ताचं काम हाय? तुमी माझं नाव सांगून गाडी दिली. नाव दिलं तवाच ते काम माझं झालं."

दोस्त हा शब्द त्यांनी त्याआधी कधी वापरला नव्हता. माझे डोळे भरून आले. ते त्यांना आवडलं नाही.

"मला सांगून काय उपेग, ठिबकवाले? मला तर ठावं हुतं. ज्याला ठावं न्हाई त्याला जाऊन सांगा."

"रविवारी जातो नांदूरघाटला."

"जावा," ते म्हणाले. आणि शेजारच्या टपरीकडं वळून चहाची हाक दिली.

नांदूरघाट केजपासून लांब नाही. तो रविवार गेला. मग ऊस लागवड सुरू झाली, मग दिवाळी, मग मुलीची परीक्षा. दर वेळी मी वाक्यं जुळवायचो आणि दर वेळी त्या शिक्षकांच्या आईचा चेहरा, जो मी पाहिलाही नव्हता, डोळ्यांपुढं यायचा. दरम्यान चाचांनी दुकान बंद केलं आणि ते परभणीला लेकीकडं राहायला गेले. गिऱ्हाईकच येत नव्हतं. मला त्यांनी कळवलं नाही. माझ्याकडं त्यांचा नंबर होता. दोनदा लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत बंद केला.

चाचा वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं.

त्यानंतरच्या रविवारी मी नांदूरघाटला गेलो. शिक्षकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची आई दारात बसून शेंगा फोडत होती, तिनंही ऐकलं. शिक्षक म्हणाले, "गाडी नीट करून दिल्यावरही ते दोनदा एसटीनं येऊन बघून गेले. मी त्यांना नीट बसाही म्हणालो नाही." मग म्हणाले, "मी त्यांना सगळ्या ओळीसमोर बोललो होतो. तुम्हीही तिथंच जाऊन सांगा."

मी तिथून थेट माजलगावला गेलो. चाचांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. बाबू, समोरचा वेल्डर, टपरीवाला आणि एक सीटकव्हर शिवणारा, एवढे जुने लोक जमले. मी उभं राहून सुरुवातीपासून सांगितलं. पार्टचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं, शोरूममध्ये कुणाचं नाव घेतलं तेही सांगितलं. वेल्डर उठून कामाला गेला.

बाबू टायरच्या ट्यूबवरून हात फिरवत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "हे चाचा हितं बसल्याले असताना बोलायचं व्हतंस, बे."

कुणीच त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.