मालकाने स्वतः बांधलेला खोका

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत हिस्के वीर्स्माने चौदा वर्षं बांधाबांधीचं काम केलं, आणि ती चौदाही वर्षं एका माणसावर दात धरून केली.

त्या माणसाचं नाव हाइत्स्मा. विमा कंपनीत तो नुकसानीचे अर्ज तपासायचा. नवरा वारल्यावर हिस्के शेतावरचं घर सोडून स्नेक गावात राहायला आली, तेव्हा तिने सगळ्या सामानाचा विमा उतरवला होता. सामान बांधायला माणसंही ठरवली होती. पण आमच्याकडच्या बायकांना एक खोड आहे. परकी माणसं येऊन आपली कपाटं उघडणार म्हटलं की त्या आधीच फडकं हातात घेतात. फळीवर धूळ सापडली तर? चादरीला डाग दिसला तर? म्हणून ती माणसं यायच्या आधी आठवडाभर हिस्केने घर घासूनपुसून लख्ख केलं आणि सगळं सामान स्वतःच्या हाताने खोक्यांत भरलं. आईचं भिंतीवरचं घड्याळसुद्धा, ब्लँकेटमध्ये गुंडाळून. बांधणारे आले, कॉफी प्यायले, खोक्यांवर आकडे टाकले आणि खूश झाले. का नाही होणार?

नव्या घरी घड्याळाचे तुकडेच पोचले.

हिस्के अर्ज घेऊन गेली, तेव्हा हाइत्स्माने सामानाच्या यादीवरून बोट फिरवलं. "बाई, हा खोका तुम्ही स्वतः बांधलात?"

"हो, मीच." हिस्केच्या आवाजात थोडी फुशारकीच होती.

"मग फुटतुटीला विमा लागू नाही. बांधणाऱ्यांनी बांधलेलंच आम्ही भरून देतो. कलम नऊ."

"अहो, पण मला हे कुणी सांगितलंच नाही!"

"कागदावर आहे. सही तुमचीच ना?" त्याने पेनाला टोपण लावलं. "पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

पुढच्या वेळी म्हणे! आईचं घड्याळ पुन्हा कुठून येणार होतं?

हिस्केने मात्र लक्षात ठेवलं. पुढच्याच वर्षी ती सामान हलवणाऱ्यांकडे कामाला लागली. मालकाने स्वतः बांधलेला खोका दिसला की ती तिथेच थांबायची. "हा तुम्ही बांधलाय ना? मग उघडते आणि पुन्हा बांधते. नाहीतर फुटलं तर फुटकी कवडीही मिळायची नाही." लोक ओशाळून म्हणत, "नको हो, आत नुसता पसारा आहे." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्या घरी याच्या दुप्पट आहे." हे साफ खोटं होतं, तिच्या घरी चमचासुद्धा वाकडा पडत नसे. पण खोका उघडला जायचा. गावात तिचं नाव झालं. किती मायेची बाई, लोक म्हणत. माया कसली! उघडलेल्या प्रत्येक खोक्यामागे हाइत्स्माची 'नाही' म्हणायची एक संधी हुकली, एवढंच तिला दिसायचं. त्या आनंदावर ती घरी जाऊन पोटभर जेवायची.

मग एका एप्रिलमध्ये गाडी चालवणारा योरित कामाचा कागद घेऊन आला. "हिस्के, अगं, तो विम्यातला हाइत्स्मा घर सोडतोय. निवृत्त झाला, बायको गेल्या वर्षी गेली, आता कालव्याकाठी फ्लॅटमध्ये जायचंय. आणि तुलाच पाठवा म्हणालाय."

"जाईन ना," हिस्के म्हणाली. "नाचत जाईन."

हाइत्स्मा वाळून गेला होता. तिला ओळखल्याचं त्याने काही दाखवलं नाही. कॉफीबरोबर त्याने संत्र्याच्या केकचे दोन-दोन तुकडे ठेवले. आमच्याकडे एकच ठेवतात. लाच देतोय मेला, असं मनात म्हणून हिस्केने केकला हात लावला नाही.

सगळं घर बांधून झालं. झोपायच्या खोलीत कोपऱ्यात एक खोका राहिला, चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे घातलेला, कोपरे बसलेला. तिने तो जरासा कलता करून पाहिला. आतून भांड्यावर भांडं घासल्याचा आवाज आला. मध्ये कागद नाही, काही नाही. जन्मभर लोकांना कलम नऊ ऐकवणारा हा माणूस, आणि त्यालाही तीच खोड!

"तो एक मी बांधलाय," हाइत्स्मा दारातून म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

हिस्केच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं. तिने ते गिळलं. यादीत 'मालकाने स्वतः बांधलेला' असं ठळक लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने त्या ओळीवर बोट टेकवलं. मग त्याने सही केली.

खोका उचलताना योरित चमकला. "हा उघडायचा नाही?"

"साहेबांना नियम माहीत आहेत," हिस्के म्हणाली.

फ्लॅटमध्ये हाइत्स्माने सगळ्यात आधी तोच खोका उघडला. आत मातीचे कप होते, हाताने केलेले, वाकडेतिकडे. एकही धड राहिला नव्हता. हिस्के त्याच्यापुढे उभी राहिली. या क्षणाची तालीम तिने भांडी घासताना हजारदा केली होती.

"हा खोका तुम्ही स्वतः बांधलात, साहेब. फुटतुटीला विमा लागू नाही. कलम नऊ."

काय गोड लागलं तिला ते! आता हा भांडेल, गयावया करेल, म्हणून ती थांबली.

"बरोबर आहे," हाइत्स्मा म्हणाला. तो जमिनीवर बसला. "हिने शेवटच्या हिवाळ्यात केले होते. हात थरथरायचे तिचे. कुणाला दाखवू नका, हसतील, असं म्हणायची. म्हणून उघडा म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, तुम्ही विचाराल. सगळ्यांना विचारता म्हणे. त्यासाठीच दारात उभा होतो."

"मीही तुमच्या टेबलापुढे उभी होते," हिस्के कडाडली. "तुम्ही विचारलं होतं, बाई का बांधलंत म्हणून?"

"नाही विचारलं." त्याने मान वर केली नाही. "घड्याळ होतं तुमचं. वर चंद्र रंगवलेला."

"आठवतंय तुम्हाला?"

"म्हणून तर तुमचं नाव सांगितलं. जिचं एकदा फुटलंय ती माझं फुटू देणार नाही, असं वाटलं."

एक वाक्य हिस्केने शेवटासाठी राखून ठेवलं होतं. दुसरं काहीच सुचत नव्हतं, म्हणून तिने तेच म्हटलं.

"पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

हाइत्स्माने मान हलवली. कपाचा तुटलेला कान तो तळहातावर घेऊन बसला होता. मग त्याने विचारलं, "तुकडे तरी नीट बांधून द्याल?"

खालून योरितने दोनदा हॉर्न वाजवला. हिस्के खाली बसली. एकेक तुकडा तिने वेगळ्या कागदात गुंडाळला, मध्ये बोळे घातले, खोका हलवून पाहिला. आतून आवाज आला नाही. मग तिने चिकटपट्टी लावली आणि वर रोजच्यासारखं लिहिलं: कंपनीने बांधलेला.