अक्कांचा गुरुवार

सुशीलाअक्का डॉक्टरला सगळ्यात शेवटी बोलू देत. जळगावच्या ज्या रुग्णालयात मी नवा डॉक्टर म्हणून लागलो, तिथे त्या नर्सिंग शिकवायच्या. दर गुरुवारी दुपारी एका पेशंटच्या कॉटभोवती पाच जणांना उभं करत: वॉर्डातल्या मावशी, नर्स, व्यायाम करून घेणारा फिजिओ, समाजसेवक आणि मी. बोलायचा क्रम हाच. प्रमुख पाहुण्याचं भाषण शेवटी असतं, तसा हा मान असावा, असं मी पहिले दोन गुरुवार समजत होतो.

कागदोपत्री या प्रकाराला 'आंतरव्यावसायिक सहकार्य प्रशिक्षण' असं भारदस्त नाव होतं. ते अक्कांना एका दमात म्हणता येत नसे, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. "पाच जण एका माणसाकडे बघताय, तर एकमेकांना सांगा तरी काय दिसलं ते," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. डॉक्टर शेवटी का, असं मी एकदा विचारलंच. अक्का पारोळ्याच्या, तोंडावर बोलायची सवय. म्हणाल्या, "तुम्ही आधी बोललात की बाकीचे नुसत्या माना हलवतात. माना हलवायला मी बैल आणीन."

त्या गुरुवारी नशिराबादच्या नानांची कॉट होती. नाना केळी पिकवणारे, अर्धांगाच्या झटक्याने आलेले. त्यांना घरी सोडायच्या कागदावर मी सकाळीच सही केली होती. सूनबाईंनी पिशव्या भरल्या होत्या आणि खाली गाडीही येऊन उभी होती. आता कोण काय वेगळं सांगणार?

शांतामावशी धुळ्याकडच्या. हातातलं फडकं पिळत म्हणाल्या, "नानासले पानी पेतांना ठसका लागस. मंग आवाज गुरगुर करस."

"म्हातारपणी ठसका लागतोच, मावशी," मी म्हणालो. "तुम्ही फरशी सांभाळा, घसा मी सांभाळतो."

वाक्य मला त्या वेळी फार फर्मास वाटलं होतं. फिजिओ हसलासुद्धा. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी नानांना टेकवून बसवलं, माझ्या हातात पाण्याचा चमचा दिला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच पाजा."

मी पाजलं. नाना असे खोकले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. नर्स म्हणाली, दोन दिवस संध्याकाळी बारीक ताप येतोय, तिने तसं लिहिलंय. ते मी वाचलं नव्हतं. फिजिओला छाती भरल्यासारखी वाटली होती, पण मी 'छाती साफ' लिहिल्यावर तो कसा बोलणार? समाजसेवक म्हणाला, सूनबाई दिवसभर बागेत कामाला जातात, नानांना पाणी शेजारची लहान पोर पाजणार आहे. मी छातीला स्टेथोस्कोप लावला. पाणी फुप्फुसात उतरत होतं. घरी गेले असते, तर नानांनी आठवडाही काढला नसता.

गाडी रिकामी परत गेली. नाना पंधरा दिवस राहिले, बसून घट्ट पेज गिळायला शिकले आणि जेवते होऊन घरी गेले. पण अक्कांनी त्या दिवशी मला तेवढ्यावर सोडलं नाही. "आता मावशींना विचारा, आणखी काय दिसतं."

विचारावं लागलं. मावशी म्हणाल्या, "तुम्ही येतस, कागद दखतस, निंघी जातस. नानाकडे दखतस नही."

मी लाजलो, हे कबूल करतो. अक्का मात्र मावशींना म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस व माय," आणि पुढच्या कॉटकडे वळल्या.

आता मी धुळ्यात असतो, आणि हे प्रशिक्षण मीच देतो. क्रम तोच ठेवलाय. शिवाय अक्कांकडे नसलेला फलक आहे, चहा-बिस्किटं आहेत, प्रमाणपत्रही आहे. आमच्या मावशी पदर सावरून उभ्या राहतात आणि म्हणतात, "बठ्ठं ठीक शे, साहेब." नर्सही 'सगळं ठीक आहे' म्हणते. बाकीचे दोघे घड्याळ बघतात आणि माझी पाळी चहा गरम असतानाच येते. हे यश कळवायला मी पारोळ्याला अक्कांना फोन लावला. निवृत्तीनंतर त्या तिथेच राहत होत्या.

"अक्का, आमच्याकडे तर कुणाची तक्रारच निघत नाही."

रागावल्या की अक्का घरच्या बोलीवर येत. "तुन्हाकडे पेशंट मरतस का रे?"

"मरतात ना, अक्का."

"मंग तक्रार शे. तुले कोनी सांगत नही."

ते आमचं शेवटचं बोलणं. दिवाळीनंतर अक्का गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, आणि नेमकी गुरुवारी येते. मावशी अजूनही "बठ्ठं ठीक शे" म्हणतात. आता ते ऐकलं की मला घाम फुटतो.