मामांचं खडकतेल

आमच्या मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, नुसता नमस्कार केला तरी पाऊण तास गेलाच म्हणून समजा, हे अख्ख्या कोल्हारला ठाऊक होतं. हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. बाजारात बटाटे आणायला पाठवावं, तर हा शब्द पोर्तुगालहून कसा आला ते भाजीवालीला सांगत बसायचे आणि रिकामी पिशवी घेऊन घरी यायचे. आत्या बिचारी कपाळाला हात लावून पिठलं टाकायची.

त्यातही खरा जीव पेट्रोलवर! "पेट्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल. लॅटिन आहे, लॅटिन!" पंपावर जाऊन 'पेट्रोल टाक' असं ते उभ्या जन्मात म्हणाले नाहीत. 'दोन लिटर खडकतेल' म्हणायचे.

नव्वदीतली गोष्ट. माझं लग्न काही जमेना. अशात कोपरगावचं स्थळ आलं. फोटो बघितला आणि मी पार विरघळलो. मुलीच्या वडिलांचा निरोप होता, दुपारच्या आत या, नाशिकचेही पाहुणे यायचेत. मामांच्या स्कूटरवरून सकाळीच निघालो. वाटेत पंपावर नेमका नवा माणूस. झालं!

"म्हंजी दगडातून तेल निघतं व्हय, मास्तर?"

"निघतं म्हणजे? नावातच आहे!"

मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला, तेव्हा मामांनी खुशीत किक मारली आणि निघाले. मी मागं बसून भांग सांभाळत होतो. तेल टाकायचंच राहिलं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

राहात्यापुढे स्कूटर गचके खाऊन थांबली. मामांनी ती आडवी करून हलवली, पुन्हा उभी केली, किका मारून त्यांना धाप लागली. शेवटी ती ढाब्यावर टाकली आणि उसाच्या ट्रॅक्टरवर, मडगार्ड धरून, आम्ही कोपरगावला पोचलो. दुपार कलली होती. नाशिकचे पाहुणे जेवून सुपारी कातरत बसलेले.

"एवढा उशीर करायचा होता, तर आलात कशाला?" मुलीचे वडील म्हणाले. गेलं हेही स्थळ!

मामा पुढे झाले. "पोराला बोल लावू नका. चूक माझी. पंपावर पेट्रोलचा अर्थ सांगत बसलो आणि पेट्रोल भरायचंच राहिलं."

तेवढ्यात आतल्या दारातून मुलीनंच विचारलं, "काय आहे हो अर्थ?"

मामांचा चेहरा असा काही उजळला! हे त्यांना आजवर कुणी आपणहून विचारलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मग तिच्या वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"नंतर सांगतो, बाळ," म्हणाले. "आधी याला काय विचारायचं ते विचारा."

मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. बायकोपाशी विषय निघाला की म्हणते, "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलंच कुठं? मामांनी तुमच्यासाठी तोंड मिटलं, तेवढं बघितलं, आणि आत जाऊन आईला म्हटलं, नाशिकच्यांना नाही म्हणून सांग."