बघण्याच्या कार्यक्रमात क्यूआरएम

माझ्याकडे हवेत बोलायचा सरकारी परवाना आहे. जमिनीवर बोलायचा परवाना आमच्या घरात मंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आहे.

पोटाचा धंदा मोटर रिवाइंडिंगचा, घर कसबा बावड्यात, आणि नाद हॅम रेडिओचा. हॅम म्हणजे हौशी बिनतारीवाला. घरी सेट जोडायचा, गच्चीवर तार ताणायची आणि जगात कुठंतरी बसलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला विचारायचं, माझा आवाज येतोय का? तो म्हणतो, येतोय. झालं! (एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं शेजारचे विचारतात. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)

या जगात सरळ कुणी बोलत नाही. सगळा कारभार तीन-तीन अक्षरांचा. परीक्षेसाठी मी ती यादी मोठ्यानं घोकायचो आणि मंदा भाकऱ्या थापता थापता माझी उजळणी घ्यायची. परिणाम असा झाला की परीक्षा मी दिली आणि पाठ तिला झालं. क्यूआरएम म्हणजे आपल्या बोलण्यात दुसऱ्याचा आवाज घुसून होणारा अडथळा. हे कळल्या दिवसापासून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला की स्वयंपाकघरातून हाक येते, "अवो, क्यूआरएम आलं!" क्यूआरपी म्हणजे अगदी कमी ताकदीचा सेट. हा शब्द तिनं आधी मिक्सरला लावला, मग नळाला, मग मला. पाहुण्यांसमोर तर फारच सोय झाली. त्यांच्या तोंडावर त्यांच्याविषयी वाट्टेल ते बोला, त्यांना ओ की ठो कळत नाही!

ही चैन आम्ही पुरी सहा वर्षं भोगली. मग प्राजक्ताला बघायला पाहुणे आले.

खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमची प्राजक्ता आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला असलेला विशाल, या दोघांनी एकमेकांना दोन वर्षं भरपूर बघून घेतलं होतं. विशालला वडील नाहीत. आई तयार होती, पण तिचं एकच पालुपद होतं, "माझा तम्मा म्हनंल तसं." तम्मा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, विशालचा मामा. निपाणीकडचा, म्हणून कानडी हाक. फौजेतून निवृत्त होऊन शेती बघणारा. थोडक्यात, माझ्या पोरीचं लग्न या एका माणसाच्या मानेवर टांगलं होतं. ती मान हलली तर लग्न, नाही हलली तर नाही.

प्राजक्तानं सकाळीच आम्हा दोघांना समोर बसवलं. "मम्मी, पप्पा, आज तुमची ती एबीसीडी बंद. एक अक्षर नको. आणि मामांना जपा."

"आमी काय खुळं हाय व्हय?" मंदा म्हणाली.

मीही मान डोलावली.

पाहुणे आले. विशाल, त्याची आई आणि मामा. मामा म्हणजे उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस. "नमस्कार" एवढं बोलला आणि त्यानं तोंड मिटलं. विशालच्या आईनं मात्र चप्पल काढतानाच सुरुवात केली. रस्ता कसा खराब, उसाच्या ट्रॉल्या कशा आडव्या येतात, तिच्या गुडघ्याचा डॉक्टर कसा लबाड! श्वास ती कधी घेते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

जरा फट मिळाल्यावर आपली छाप पाडावी म्हणून मी भिंतीवरचा चौकटीतला परवाना दाखवला. "रेडिओचा नाद हाय मला. ते टिकटिक मोर्स असतंय न्हवं? आमची मातृभाषाच म्हना की!"

(इथं एक गोष्ट कबूल करतो. परवान्यात दोन दर्जे असतात. माझ्या खालच्या दर्जाला मोर्स लागतच नाही. मला स्वतःच्या नावापलीकडे एक अक्षर वाजवता येत नाही. पण हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.)

मामा उठला, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, परवाना वरपासून खालपर्यंत वाचला, "हं" म्हणाला आणि परत येऊन बसला. माणूस प्रभावित झाला, असं मी समजलो.

पोहे आले. विशालची आई आता स्वतःच्या लग्नातल्या जेवणावर पोचली होती. मंदाचा जबडा आवळलेला मला दिसत होता. ती बिचारी अर्धा तास गप्प बसली. हा आमच्या घरातला विक्रम आहे! शेवटी बांध फुटलाच. माझ्याकडे वळून, चेहऱ्यावर अगदी गोड हसू ठेवून ती म्हणाली, "क्यूआरएम लई हाय वो आज."

प्राजक्तानं डोळे मोठे केले. मी ते बघायला हवे होते. पण मीही माणूस आहे, मला हसू फुटलं. आणि हसू फुटल्यावर मंदा थांबत नसते.

समोरून मामाच्या चमच्याचा आवाज आला. स्टीलच्या ताटलीच्या काठावर टिक टिक, टिकटिक टिक. "मामांना हलगीचा नाद दिसतोय!" मी कौतुकानं म्हणालो. मामानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पुन्हा तेच वाजवलं. जरा सावकाश.

"ठेका झकास हाय," मी म्हणालो.

विशालनं लाजत लाजत, तोंडातल्या तोंडात पगार आणि नोकरीचं सांगितलं. त्यावर मंदा, "पोरगं गुनी हाय, पर जरा क्यूआरपीच न्हवं?"

टिक टिकटिक टिक! चमचा आता चांगलाच जोरात वाजत होता. मी मान डोलावून दाद दिली.

दरम्यान मामाचे पोहे संपले होते. मंदानं दुसऱ्यांदा वाढले, तेही संपले. तिसऱ्यांदा ताटली पुढं आली, तशी मंदा माझ्या कानाशी वाकली. तिचं कानाशी बोलणं कारखान्याच्या भोंग्याइतकं हळू असतं. "ह्यो मामा तर निव्वळ डमी लोड हाय!"

डमी लोड म्हणजे सेट तपासताना अँटेनाच्या जागी जोडायचं एक यंत्र. द्याल तेवढी सगळी ताकद ते गिळतं, बाहेर अवाक्षर सोडत नाही आणि नुसतं बसल्या जागी गरम होतं. इतकी चपखल उपमा मला पंचवीस वर्षांच्या संसारात सुचली नव्हती. मी पोटभर हसलो.

मामानं चमचा खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "क्यूआरझेड?"

क्यूआरझेड म्हणजे, मला कोण हाक मारतंय?

मंदाच्या हातातला पोह्यांचा डाव हवेत तसाच राहिला.

"बावीस वर्सं फौजेत बिनतारीवर हुतो मी," मामा म्हणाला. "मगाधरनं चमच्यानं सांगतोय, मला समदं कळतंय, आता आवरा म्हनून. दोन डाव सांगितलं. सावकाश सांगितलं. आन् तुमी दाद देतासा? तुमची मातृभाषा न्हवं ती?"

फौजेत होता म्हणजे बंदूक चालवत असणार, एवढंच माझं ज्ञान. फौजेत काय करत होता, हे विचारायचं कुणालाही सुचलं नव्हतं. मी प्राजक्ताकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. रागावलेली असती तर परवडलं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. ती लहानपणी ताप आला की तसंच धरायची. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि तेवढ्यात विशालची आई एकदम गप्प झाली. गेल्या तासाभरातली ती पहिली शांतता. आम्ही ज्या शांततेसाठी तळमळत होतो, ती नेमकी आत्ता यावी!

"तम्मा," ती म्हणाली, "काय बोलत्यात रं ही मानसं? मला क्यूआरएम म्हनली न्हवं? म्हंजे काय?"

मंदानं माझं मनगट पकडलं. मामानं आमच्याकडे पाहिलं. मग प्राजक्ताकडे पाहिलं, जरा वेळ. मग घसा साफ केला.

"क्यूआरएम म्हंजे, अक्का... जिच्या फुडं दुसऱ्या कुनाचा आवाज चालत न्हाय, अशी बाई."

"अगं बाई!" ती खुलली. "आन् आमच्या विशालला?"

"क्यूआरपी. कमी बोलतोय, पर लांब पोचतोय. बिनतारीत अशाला लई मान."

(हे मात्र खरं आहे. आमच्यात कमी ताकदीवर लांब पोचणारा खरा उस्ताद मानतात. मंदाच्या यादीत ते नव्हतं.)

"आन् तुला रं?"

मंदानं डोळे मिटले.

"मला डमी लोड. म्हंजे पोटात ठेवनारा मानूस," मामा सावकाश म्हणाला. "कितीबी येऊ दे, भाईर जात न्हाय."

मंदाला हुंदकाच फुटला. ती पुढं जाऊन मामाच्या पाया पडली आणि त्याच वाकण्यात तिनं चौथ्यांदा पोहे वाढले. मामानं मान हलवली. "पोरगी पसंत हाय. आमची सून समदं गप ऐकून घेत हुती, मी बगितलंय." प्राजक्ता तोंड झाकून आत पळाली. विशाल पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

मी सुटलो, असं वाटलं. पण विशालच्या आईला एवढ्यावर समाधान नव्हतं. "आन् आमच्या व्याह्यांना काय म्हनायचं रं? त्यास्नी बी असंल की एखादा सबूद!"

"हाय की," मामा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या मिशा हलल्या. "लिड. म्हंजे घरातला लायसनवाला."

लिड म्हणजे ज्याच्याकडे परवाना आहे, पण काम येत नाही असा ऑपरेटर. आमच्या बिनतारीवाल्यांत यापेक्षा मोठी शिवी नाही. मी हात जोडून म्हणालो, "आभारी हाय."

प्राजक्ता चार दिवस आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी साखरपुड्याची साडी दाखवायला बोलली. आता लग्न तोंडावर आलंय. पत्रिकेचा मजकूर विशालच्या आईनं स्वतः तयार केला आहे. आमच्याकडे पत्रिकेत प्रत्येक नावाला काहीतरी पदवी लागतेच: माजी सरपंच, चेअरमन, पैलवान. माझं नाव रिकामं दिसायला नको म्हणून तिनं प्रेमानं त्यापुढं ठळक अक्षरांत छापायला दिलंय, "सुप्रसिद्ध लिड, कसबा बावडा". प्रूफ तपासायला माझ्याकडंच आलं होतं. दोन वेळा वाचलं. चूक काढायला जागाच नव्हती, म्हणून सही करून दिली.