परशुराम मास्तरांचा दुहेरी कौल

परशुराम मास्तर देवगडजवळच्या एका शाळेत आठ वर्षे कवायत शिकवत होते, आणि आठही वर्षे हंगामी होते. एकसष्ट सालच्या माघात हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितले, "जूनपासून शाळेत योगासने सुरू करायची आहेत. योगशिक्षकाचा दाखला आणा आणि कायम व्हा."

मास्तरांनी दोन ठिकाणची माहितीपत्रके मागवली. मुंबईतला वर्ग तीन महिन्यांचा, मेअखेर दाखला हातात. घाटावरचा आश्रम नऊ महिन्यांचा. शहाणपण मुंबईतच होते. पण आश्रमाच्या पत्रकावर शीर्षासन केलेल्या माणसाचे चित्र होते, आणि त्या उलट्या चेहऱ्यावरची शांतता मास्तरांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

अशा वेळी आमच्याकडे माणूस डोके खाजवत बसत नाही, देवळात जाऊन कौल लावतो. गुरव देवाच्या पाषाणाला दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी पडेल ती देवाचा शब्द. उजवी मुंबईची, डावी घाटाची, असे ठरले.

आदल्या दिवशी मास्तरांची बायको सुभद्रा नारळ घेऊन बाबली गुरवाकडे गेली. "बाबलीभावजी, उजवी जरा सैल लावा. तीन म्हयन्यात हे घराक येतले."

ती वळते न वळते तोच मास्तरांची आई काशीबाई हजर, तीही नारळ घेऊन. "बाबल्या, माझो थोरलो झील मुंबैक गेलो, तो थंयचोच झालो. डावी पाड रे!"

बाबली भिडस्त माणूस. त्याने दोन्ही नारळ ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकळ्यांना पाणी नावापुरतेच लावले.

"बा देवा महाराजा," त्याने गाऱ्हाणे सुरू केले.

"होय महाराजा!" मंडळी म्हणाली. तेवढ्यात दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या.

घाम पुसत बाबली म्हणाला, "मास्तरानू, देवाचा म्हणणा आसा, दोनीय करा."

सासू सुनेकडे बघेना, सून सासूकडे. तोंड उघडायची सोय दोघींनाही उरली नव्हती.

मास्तरांनी शब्द मानला. मेअखेर मुंबईचा दाखला मिळाला. हेडमास्तरांचे कार्डही आले, 'ताबडतोब निघा.' पावसाळ्याआधीची देवगडची शेवटची बोट धक्क्याला लागली होती. तिच्यात पाय ठेवला की नोकरी कायम. पण अर्धाच कौल पाळून देवासमोर उभे कसे राहायचे? मास्तर घाटाच्या गाडीत बसले. देवाच्या भीतीने त्यांना जेवढे ढकलले, तेवढेच त्या उलट्या चेहऱ्याने ओढले, हे ते कुणाला बोलले नाहीत.

आश्रमात वर्ग सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी सुभद्रेचे पत्र आले. जागेवर हेडमास्तरांचा भाचा लागला होता. त्याला धड मांडीही घालता येत नव्हती.

सकाळी गुरुजींनी सगळ्यांना ओळीने बसवले. "पहिला पाठ अपरिग्रहाचा. जे आपले नाही त्याची आस सोडायची."

मास्तर खुदकन हसले. माना वळल्या.

"काय झाले?"

"काही नाही, गुरुजी. हा पाठ मला कालच टपालाने आला."

गुरुजींनी समाधानाने मान हलवली. हा विद्यार्थी घरून पुस्तके मागवून वाचतो, असे त्यांना वाटले.