भोंगा बंद करणारे तुकोजी

मध्यप्रदेश नवाच झाला होता. राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदूरने पोह्यांवर दुप्पट शेव घालून गिळलं आणि सगळं गाव पिक्चर बघायला मोकळं झालं. कोणता बघायचा, ते तुकोजी सांगत. टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टरं, वर भोंगा, आणि भोंग्यामागे होळकरी चोपदारांच्या घराण्यातला आवाज. पणजोबा महाराजांच्या आगमनाची ललकारी देत, पणतू नटीच्या. घोडा तेवढा बहिरा झाला होता.

तुकोजींचा एक नेम होता. स्वतः पाहिल्याशिवाय पिक्चर पुकारायचा नाही. पडद्यासमोर बसून ते गाणी, मारामाऱ्या आणि खून बोटांवर मोजत. त्यांच्या तोंडून एक खून कधी जास्त झाला नाही.

अशा माणसाकडे प्राध्यापक अच्युतराव आले. त्यांनी फिल्म क्लब काढला होता; सभासद मूठभर, मतभेद पोतंभर. टॉकीजच्या मालकाने बजावलं होतं, "रविवारी सकाळी एक खेळ देतो. अर्धा हॉल भरला नाही, तर पुन्हा या दारात यायचं नाही."

"तुकोजी, आता तुम्हीच तारा."

"पहले बघू तर द्या, सर."

बघितला. एक म्हातारा, एक म्हातारी आणि त्यांचा थकलेला बैल. बैल विकावा की नाही, दोन तास ठरत नाही. तुकोजींची बोटं उघडीच राहिली. घरी आनंदीबाईंनी ताट वाढलं, तर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"का हो, हिरॉइन मेली का?"

"अगं नाही... बैल."

दुसऱ्या दिवशी टांगा धान्यमंडीत उभा राहिला. "भाइयों और बहनों!" भोंगा गरजला आणि अडला. मोजून सांगण्यासारखं काही नव्हतंच. तुकोजींनी भोंगा बंद केला, खाली उतरले आणि साध्या आवाजात बोलू लागले.

"तुकोजी भिया, गला बैठ गया क्या?" लोक जवळ सरकले.

"एक बूढ़ा है. उसका एक बैल है."

"दाँत कैसे हैं?" देपालपूरचा एक शेतकरी.

"घिस गए."

"फिर? बेचा?"

"दो घंटे मैं भी यही पूछ रहा था."

"अरे, बता दो ना!"

"इतवार सबेरे. खुद देख लो."

रविवारी हॉलमध्ये पागोट्यांचा पूर. अच्युतराव वास्तववादावर भाषण घेऊन उठले. "माटसाब, बैठो. बैल दिखाओ," मागून आवाज आला. ते बसले. त्यांचं ते सर्वोत्तम भाषण, असं क्लबात आजही मानतात.

शेवटी गिऱ्हाईक बैलाचं तोंड उघडून दात बघू लागलं, तेव्हा पहिल्या रांगेतून एक घोगरा आवाज फुटला, "मत बेच, दादा!" कोणी हसलं नाही. खुर्च्या मोजायला दारात उभा असलेला मालक मोजणं विसरला.

"अगला इतवार भी ले लो," तो बाहेर येऊन म्हणाला, आणि उपरण्याने नाक पुसलं.

अच्युतरावांनी तुकोजींना मिठीच मारली. "आता ते मारधाडीचे पिक्चर पुकारणं सोडा!"

"का म्हणून, सर? मोठा पिक्चर म्हणजे बारात. नाचायचं, घरी यायचं. हा तुमचा घरापर्यंत येऊन बसतो, उठतच नाही. पण गावाला बारात पण लागते ना? शुक्रवारी तलवारींचा लागतोय. येता काय?"

अच्युतराव आले. शिट्टी कोणी मारली, ते मात्र मी सांगणार नाही. कॉलेजात त्यांना अजून मान आहे.